पाणी वर चढवणाऱ्या मुलखात

दिवाळीला मुंबईहून गावी आलेली पाहुणेमंडळी भाऊबीज उरकली की विचारू लागतात, "इथं जवळपास बघण्यासारखं काय आहे?" मुंबईकराला हा प्रश्न सवयीचा असतो. घारापुरीची लेणी, वसईचा किल्ला, कर्नाळ्याचे पक्षी, मांडव्याची लाँच अशी सकाळी निघून रात्री घरी परतण्याजोगी ठिकाणे त्याला पाठ असतात. रहिमतपूरचा माणूस मात्र या प्रश्नावर थोडा घुटमळतो आणि "महाबळेश्वरला जाऊन या" असे सांगून मोकळा होतो. महाबळेश्वर आहेच. पण आमच्या गावापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात इतके काही आहे, की हे उत्तर ऐकून मला मनापासून वाईट वाटते.

हा प्रदेश समजून घ्यायचा तर आधी पाऊस बघावा लागतो. पश्चिमेला महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेला माण-खटावात पाचशेच्या आसपास, आणि तोही येईल तेव्हा खरा. दोन्हींमध्ये सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरचे अंतर. रहिमतपूर या दोहोंच्या मध्ये, कोरेगाव तालुक्यात, कमंडलू नदीच्या काठी वसले आहे. सकाळी पश्चिमेची एसटी धरली तर दुपारी ढगात, पूर्वेची धरली तर दुपारी माळावर. म्हणूनच इथली बघण्याजोगी ठिकाणे एका ओळीत मांडायची झाली, तर मी ती पाण्याच्या ओळीत मांडतो. पाणी कुणी अडवले, कुणी उपसले, कुणी डोंगरावर नेले, कुणी त्याच्या काठी देव बसवला, हे बघत गेले की हा सगळा मुलूख उलगडतो.

सुरुवात घरापासूनच करावी. विजापूरच्या आदिलशाहीतला नामांकित सरदार रणदुल्लाखान, ज्याच्याबरोबर शहाजीराजे कर्नाटकाच्या मोहिमेवर गेले, त्याच्या नावाशी जोडलेली मशीद आणि कबर रहिमतपुरात आहे. पण माझ्या लेखी गावातली सर्वांत मोलाची वास्तू म्हणजे मशिदीजवळचा पाण्याचा मनोरा. इंग्रजी अमदानीतल्या सातारा गॅझेटियरने त्याची हत्तीची मोट म्हणून दखल घेतली आहे. सुमारे पन्नास फूट उंचीचे भक्कम बांधकाम, आणि पश्चिमेच्या अंगाने वर चढत जाणारा उतार. हत्तीने मोट ओढून पाणी उंचावर चढवायचे आणि तिथून खाली मशिदीच्या कारंज्याला द्यायचे, अशी ती रचना. विजेचा पंप यायच्या कितीतरी आधी कुणीतरी इथे पाण्याचा दाब ओळखला, त्याच्यासाठी दगड रचला आणि त्यातून कारंजे उडवले. गावातली मुले या मनोऱ्याच्या सावलीत मोठी होतात, पण तो काय काम करीत होता हे त्यांना सांगणारा साधा फलकही नीट वाचता येईल असा हवा. सहावी-सातवीच्या वर्गाने विज्ञानाचा एक तास इथे घ्यावा. दाब, उतार, उंची या गोष्टी फळ्यापेक्षा इथे लवकर कळतील.

रहिमतपूरची आणखी एक ओळख नाटकवाल्यांना असते: 'रायगडाला जेव्हा जाग येते'चे लेखक वसंत कानेटकर इथलेच, त्यांचा जन्म रहिमतपूरचा. आणि वारकरी-धारकरी घरांत जवळच्या निगडीच्या रंगनाथस्वामींचे नाव निघते. समर्थ रामदास, वडगावचे जयरामस्वामी, निगडीचे रंगनाथस्वामी, ब्रह्मनाळचे आनंदमूर्ती आणि भागानगरचे केशवस्वामी असे हे रामदास पंचायतन. त्यातले हैदराबादचे केशवस्वामी सोडले, तर बाकीचे सगळे सातारा-सांगली या आमच्या दोन जिल्ह्यांतच येतात.

आता पूर्वेला औंध. रस्ता अर्ध्या-पाऊण तासाचा, पण दिवस पुरत नाही. वर डोंगरावर मूळपीठाची यमाई आणि खाली गाव. डोंगराच्या वाटेवर श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभे केले. बहात्तर खेड्यांच्या, म्हणजे संस्थानांच्या पंगतीत अगदी शेवटच्या पानावर बसणाऱ्या या संस्थानाने काय जमवले ते बघून थक्क व्हायला होते. राजा रविवर्म्यांची तैलचित्रे, धुरंधरांची चित्रे, वेगवेगळ्या शैलींतली लघुचित्रे, हस्तिदंताचे नाजूक काम, आणि या सगळ्यात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मुलाचे दगडी शिल्प. आकाराने ते लहानच आहे. घाईने गेलेला माणूस त्याच्यावरून नजर फिरवून पुढच्या दालनात जातो. पण तिथे थांबावे. मुलाचे डोके आणि आईचा खांदा एकाच दगडातून निघताना कुठे एक संपतो आणि कुठे दुसरा सुरू होतो, हे शोधत चार-पाच मिनिटे सहज जातात. या शिल्पकाराचे काम बघायला जगभरातले लोक लंडनला जातात, आणि खटाव तालुक्यातल्या एका गावात ते आपल्या हाताच्या अंतरावर असते.

बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे प्रचारक होते, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे आश्रयदाते होते. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर त्यांच्याच आधाराने औंधात राहून स्वाध्याय मंडळ चालवीत. पण औंधचे सगळ्यांत मोठे काम संग्रहालयात मांडता येणारे नाही. १९३९ साली या राजाने आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला. महात्मा गांधींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची मदत आणि राजपुत्र अप्पासाहेब पंतांची धडपड यातून औंधची स्वराज्याची घटना तयार झाली आणि कारभार ग्रामपंचायतींकडे गेला. याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली. तिथे कैदी कुंपणाविना शेती करीत. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा चित्रपट त्यावरूनच सुचला, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे याच माणदेशाचे पुत्र. औंधला जाणाऱ्याने हे डोक्यात ठेवून वाड्यासमोर उभे राहावे. नुसते राजवाडे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.

औंधला जायचा उत्तम मुहूर्त अश्विनात, दिवाळीच्या थोडा आधी येतो. अंतूबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीतोत्सव तेव्हा भरतो. ग्वाल्हेर परंपरेतले अंतूबुवा, त्यांचे पुत्र गजाननबुवा आणि पुढची पिढी यांनी हा उत्सव जपला. देशातले बडे गवई-बजवय्ये इथे येऊन गातात-वाजवतात, आणि समोर सतरंजीवर खेड्यातले, पुण्यातले, साताऱ्यातले श्रोते मांडीला मांडी लावून बसतात. या एका गोष्टीसाठी परतीची एसटी चुकली तरी चालेल.

औंधपलीकडे मायणी. तिथला तलाव आणि येरळवाडीचे पाणी हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांनी भरते. पाऊस बरा झाला असेल तर रोहितही उतरतात. पाणी खूप वाढले तर त्यांना उथळ कडा मिळत नाही आणि आटले तर चारा मिळत नाही, त्यामुळे जाण्याआधी गावात फोन करून चौकशी केलेली बरी. दुर्बीण न्या, रंगीत टीशर्ट घरी ठेवा.

या पूर्व भागाकडे 'दुष्काळी' या एका विशेषणातून बघायची सवय आता सोडली पाहिजे. पाणी फाउंडेशनच्या पहिल्या, म्हणजे २०१६ सालच्या वॉटर कप स्पर्धेत पहिले आलेले वेळू हे गाव आमच्याच कोरेगाव तालुक्यातले. डोंगराच्या उतारावर समपातळी चर खणून, बांध घालून, ओढे रुंद-खोल करून लोकांनी पाणी मुरवले. जायचे असेल तर पावसाळा संपता संपता जावे आणि चर दाखवायला गावातल्याच कुणाला बरोबर घ्यावे. असे गाव बघणे हेही पर्यटनच, आणि माझ्या मते आपल्या मुलांना दाखवायला किल्ल्याइतकेच महत्त्वाचे.

दुसरा दिवस साताऱ्याच्या दिशेने. साताऱ्याचे रेल्वे स्टेशन शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूला आहे. सातारकरांना ते गैरसोयीचे वाटते, पण रहिमतपूरहून गाडीने येणाऱ्याला हीच सोय. कृष्णा आणि वेण्णा इथे मिळतात. एका तीरावर संगम माहुली, दुसऱ्या तीरावर क्षेत्र माहुली. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५च्या सुमारास बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ, उतरत जाणारे घाट, समोर रामेश्वर. थोरल्या शाहू महाराजांचा देह १७४९ साली पडला, त्यांची समाधी इथेच आहे, ताराराणींचीही. ज्या स्त्रीने औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली, तिच्या समाधीकडे जाण्याचा रस्ता विचारत विचारत जावा लागतो, ही आपल्या सगळ्यांनाच लाज आणणारी गोष्ट आहे. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच. पेशव्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा माणूस ज्या घाटावर खेळला-वाढला, तो घाट आजही पायाखाली येतो.

तिथून लिंबाकडे. शेरी लिंब गावाच्या आमराईत बारा मोटांची विहीर आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली, असे शिलालेखावरून कळते. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडलेली उपविहीर आणि दोहोंच्या मधोमध दगडी महाल. वरून बघितले तर शिवलिंगाचा आकार दिसतो. खोली सुमारे ११० फूट, रुंदी ५० फूट. जिन्याने खाली उतरताना प्रत्येक पायरीला हवा गार होत जाते आणि कमानीवरची शिल्पे अंधारातून हळूहळू पुढे येतात. नंतर पुन्हा वर येऊन मोटांच्या जागा बघाव्यात. नाव बारा मोटांचे असले तरी थारोळी पंधरा आहेत. दगडाची ती टोके, पाणी ओतले जायची ती जागा आणि पुढे पाटाकडे गेलेला मार्ग बघितला की सारे यंत्र डोळ्यांपुढे उभे राहते: बैल उताराने पुढे जाणार, नाडा ताणला जाणार, चामड्याची मोट भरून वर येणार आणि झाडांना पाणी सुटणार. एखाद्याच्या शेतातही मोट असे. इथे मात्र एकाच वेळी बारा चालतील एवढे पाणी आणि एवढे नियोजन होते. अलीकडे इथे गर्दी वाढली आहे, आणि फोटोसाठी कठड्यावर चढणारी तरुण मुले बघून छातीत धस्स होते. कठडा तीनशे वर्षांचा आहे. तो जपून वापरावा आणि आपला जीवही.

साताऱ्याच्या पूर्वेला देगावजवळच्या डोंगरात पाटेश्वर आहे. तिथे एवढ्या प्रकारच्या पिंडी आहेत की मोजण्याचा नाद सोडून द्यावा लागतो. अंगठ्याएवढ्या, माणसाला कवेत न मावणाऱ्या, आणि एकाच पिंडीवर असंख्य छोट्या पिंडी कोरलेल्या. पायवाटेवर कमळांचे तळे लागते. सातारा जिल्ह्यात राहून पाटेश्वर न पाहिलेली माणसे मला फार भेटतात.

कासबद्दल खूप लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यातच लिहितो. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला, साडेआठशेहून अधिक फुलझाडे तिथे नोंदली गेली आहेत, आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरपर्यंत तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे, कवला यांचे रंग पठारावर पाळीपाळीने येतात. आधी नोंदणी करून, शुल्क भरून जावे लागते आणि आसपासच्या गावांतल्या समित्या हे सगळे सांभाळतात. काही पाहुणे कुरकुरतात, "फुलं बघायला पैसे?" द्यावेत, बिनतक्रार द्यावेत. पठारावरची माती जांभ्यावर बोटभर जाडीची आहे, तिच्यावर पडलेले एक पाऊल पुढच्या वर्षीचे फूल घेऊन जाते. वायतुऱ्यासारखी वनस्पती तर या भागाबाहेर जवळपास सापडतच नाही, तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. कासचा तलाव मात्र बहुतेकजण घाईत बघतात. साताऱ्याच्या नळांना त्याचे पाणी डोंगरउताराने, उपसा न करता येते. इथे निसर्गानेच पाणी वर ठेवले आहे. रहिमतपूरच्या मनोऱ्यावर हत्तीने जे करायचे ते इथे सह्याद्रीने आयते करून दिले.

सज्जनगड, ठोसेघर, अजिंक्यतारा ही ठिकाणे सर्वांना ठाऊक आहेत. साताऱ्याहून घरी जाताना कंदी पेढा घेतलात तर त्याच्या जोडीला कोरेगावचा वाघ्या घेवडाही घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेला हा घेवडा, लालसर दाण्यावर पट्टे असलेला. त्याची आमटी भाकरीशी खाल्ली की मग इतर कडधान्ये फिकी वाटतात.

तिसरी दिशा दक्षिणेची, आणि ती रेल्वेने जावी. पुणे-मिरज मार्ग रहिमतपुरातून जातो, आणि तारगाव, मसूर, शिरवडे, कराड, शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी, आमणापूर, भिलवडी अशी एकेक स्टेशने येतात. पॅसेंजर मोजक्याच आहेत, तेव्हा वेळापत्रक आधी बघावे. खिडकीतून दिसणारा प्रदेश उसाचा, आणि तो असा का झाला हेच या वाटेवर कळते.

कराडला उतरलात तर प्रीतिसंगम. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात आणि मग काटकोनात वळतात. नद्यांचे असे मिलन क्वचितच बघायला मिळते. संगमाच्या काठी यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. जवळच कोटात नकट्या रावळाची विहीर आहे, तीही खोल, तीही पायऱ्यांची. अख्खा मसूर खायची इच्छा असेल तर कराडात खावा. गाडी पुढे शेणोलीला येते. ७ जून १९४३ रोजी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इथेच इंग्रजांची पगाराची गाडी अडवून रक्कम काढून घेतली. कुंडल हे त्यांचे केंद्र, आणि कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते. स्वराज्य देणारा राजा आणि स्वराज्यासाठी गाडी अडवणारी पोरे एकाच मुलखातली, एकाच काळातली.

ताकारी किंवा भवानीनगरला उतरून सागरेश्वर गाठावे. डोंगरात महादेवाच्या प्राचीन मंदिरांचा समूह आहे आणि त्याला लागून अभयारण्य. उजाड डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी झाडे लावून घेतली, हरणे-सांबरे आणवली, सरकारदरबारी पाठपुरावा केला आणि १९८५ साली सुमारे १०.८७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. माणसांनी लावलेले जंगल म्हणून याला महाराष्ट्रात तोड नाही. सकाळी लवकर गेलात तर चितळ आणि सांबर हमखास दिसतात. आसपासच्या शेतकऱ्यांची या हरणांविषयी रास्त तक्रारही आहे: कुंपण ओलांडून ती उसात-शाळूत शिरतात. अभयारण्य बघायला येणाऱ्याने या शेतकऱ्याचे म्हणणेही ऐकून जावे. पायथ्याचे देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, त्यांचे जन्मघर बघता येते. आणि याच डोंगराच्या अंगाने ताकारी उपसा सिंचन योजनेचे पाणी वर चढते. कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून कोरडवाहू गावांकडे नेणारे ते मोठे नळ बघताना रहिमतपूरचा मनोरा आठवल्याशिवाय राहत नाही.

पंप म्हटले की पुढचे स्टेशन किर्लोस्करवाडी. बेळगावहून कारखाना हलवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली औंधच्या त्याच बाळासाहेबांनी कुंडलजवळचे निवडुंगाचे माळरान दिले. तिथे लोखंडी नांगर झाला, कडबा कापायचे यंत्र झाले, उसाचे चरक झाले, पंप झाले. 'किर्लोस्कर' मासिकाचा जन्मही इथलाच, १९२० सालचा. कारखाना परवानगीशिवाय बघता येत नाही, पण नियोजन करून वसवलेल्या त्या वसाहतीच्या झाडीच्या रस्त्याने चालत जाता येते. शंभर वर्षांपूर्वी भारतात एखाद्या उद्योगाचे गाव कसे कल्पिले गेले, हे त्या रस्त्यावर दिसते. शाळांच्या सहली इथे आणायला हव्यात.

भिलवडीला उतरले की औदुंबर. नृसिंहसरस्वतींनी इथे चातुर्मास केला, त्यांच्या पादुका उंबराच्या छायेत आहेत. मोठ्या पुरात देऊळ पाण्याखाली जाते. पलीकडच्या तीरावर भुवनेश्वरी. नावेने नदी ओलांडावी, पुलाने जाण्यात ती मजा नाही. कवी सुधांशू इथलेच. सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन दर मकरसंक्रांतीला औदुंबरात भरते, आणि मराठीतले नामवंत लेखक या लहानशा गावात येऊन बोलून गेले आहेत. भिलवडीत चितळ्यांची डेअरी, तिथला ताजा खवा संध्याकाळच्या परतीच्या गाडीत न्यायचा.

पुढच्या काही महिन्यांचे वेळापत्रक हवे असेल तर ते असे. दिवाळीनंतर मायणीचे पक्षी. डिसेंबरात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा आणि तिथला खिलार बैलांचा बाजार, जाता-येता वर्धनगड. पौषात पालीचा खंडोबा: तारळी नदीच्या काठी खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते, भंडाऱ्याने सगळे पिवळे होते, आणि गर्दी एवढी की लहान मुले घरी ठेवणेच शहाणपणाचे. संक्रांतीला औदुंबर किंवा चाफळ, दोन्हीपैकी एक निवडावे लागेल. माघात दासनवमीला सज्जनगड.

आणि चैत्रात शिखर शिंगणापूर. शंभूमहादेवाच्या या डोंगरावर पाण्याची टंचाई, म्हणून शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी यात्रेकरूंसाठी तळे बांधले. चैत्र शुद्ध द्वादशीला सासवड भागातून तेल्या भुत्याची कावड येते. कऱ्हेच्या पाण्याने भरलेली ती कावड मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून माणसे हातांची साखळी करून वर चढवतात आणि ते पाणी महादेवाला घालतात. तुम्हाला कडा चढायचा नसेल तर वरून बघता येते, पण मग दुपारी तीनच्या आत कड्याशी जागा धरायला हवी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि डोक्याला टॉवेल घेऊन. रहिमतपूरहून पुसेगाव-दहिवडीमार्गे जावे. यात्रेसाठी एसटी जादा गाड्या सोडते, पण परतीच्या गाडीत बसायला मिळेल याची खात्री धरू नये.